गाडी चालू होईपर्यंत वाचायची पुस्तिका

पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला जुना पिकअप ट्रक ज्यांनी नुकताच विकत घेतला आहे, आणि ज्यांच्या घरची माणसं अजून त्यांच्याशी बोलताहेत, अशा नवशिक्यांसाठी ही पुस्तिका आहे. ती गाडीतच ठेवावी. सेल्फ मारून झाल्यावर बॅटरीला दम खाऊ द्यायचा असतो, त्या वेळात एकेक परिच्छेद वाचून होतो.

यातला सगळा अनुभव न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूसचा आहे. न्यूयॉर्क म्हटल्यावर डोळ्यांसमोर उंच इमारती येतात ते शहर इथून गाडीने चार-साडेचार तासांवर. आमच्या डोक्यावर आहे लेक ऑन्टारियो. कॅनडाकडून येणारा गार, कोरडा वारा या तळ्यावरून येताना पोटभर वाफ पितो आणि काठ ओलांडला की सगळा माल आमच्या अंगणात उतरवतो. पलीकडे बफेलोला लेक ईरी आहे, पण ते उथळ. थंडी वाढली की बरंचसं गोठतं, वाऱ्याला वाफ मिळेनाशी होते आणि बफेलोकरांना थोडी उसंत मिळते. ऑन्टारियो खोल असल्याने सहसा गोठत नाही. आमच्याकडे उसंत हा प्रकार नाही. वर्षाला सरासरी सुमारे दहा फूट बर्फ.

मार्च 1992 मध्ये इथल्या नगर परिषदेने वैतागून ठराव केला होता की 24 डिसेंबरपर्यंत शहराच्या हद्दीत आणखी बर्फ पडण्यास सक्त मनाई आहे. ठराव अर्थातच गमतीचा होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे 1992-93 मध्ये, 192.1 इंच बर्फ पडला. सोळा फूट. तो शहराचा उच्चांक ठरला. सरकारी कागदावर विसंबू नये, आपली सोय आपण बघावी, हा पहिला धडा इथेच संपतो.

गाडीची निवड

जाहिराती वाचायला शिकावं. ‘चालू स्थितीत’ म्हणजे फोटो काढला तेव्हा चालू होती. ‘किरकोळ काम बाकी’ म्हणजे ते काम तीन मेकॅनिकांनी नाकारलं आहे. ‘फक्त स्वतःच्या ड्राइव्हवेपुरती वापरली’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, त्यामुळे या राज्यातली सगळी दुकानांची पार्किंगं आजवर कोणी साफ केली हे एक कोडंच आहे. ‘थोडा गंज’ असेल तर जाताना जाड मोजे घालावेत, कारण पायाखालच्या रबरी चटईच्या खाली थेट रस्ता असू शकतो.

गंजाला इथे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ओनोंडागा तळ्याकाठच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी आटवून या गावाने देशाला मीठ पुरवलं. सिरॅक्यूसला ‘सॉल्ट सिटी’ म्हणतात ते त्यावरून. आता मीठ शेजारच्या कायुगा तळ्याखालच्या खाणीतून येतं आणि रस्त्यांवर पडतं. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून बर्फ वितळतो. पण पारा उणे नऊ-दहा सेल्सिअसच्या खाली गेला की साध्या मिठाचा रस्त्यावर फारसा उपयोग राहत नाही. गाडीच्या चासीवर मात्र ते बसून राहतं आणि ऊब मिळायची वाट बघतं. गाडीवर माया करून तिला गरम गॅरेजमध्ये ठेवणाऱ्यांची गाडी आधी सडते ती यामुळे.

विकत घेण्यापूर्वी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरावं आणि चासीवर ठोकून बघावं. ठण्ण आवाज आला तर गाडी घ्यावी. स्क्रू-ड्रायव्हर भस्सकन आत गेला तर किंमत कमी करून मागावी. शहाणा माणूस या दुसऱ्या वेळी घरी परत जातो, पण त्याच्यासाठी ही पुस्तिका नाही.

साहित्य

जंपर केबल, त्यावर विश्वास नसल्यामुळे जंप पॅक, एक मोठी आणि एक लहान हातोडी, तारेचा ब्रश, ग्रीस, हायड्रॉलिक तेलाचा डबा, एक जास्तीचा सोलेनॉइड, पिना, साखळी, चिकटपट्टी. मागच्या हौद्यात टाकायला वाळूची पोती. आणि चांगलं मजबूत फावडं. यातली कुठलीही वस्तू एक वेळ विसरली तरी चालेल, फावडं विसरू नये. बहुतेक वेळा बर्फ त्यानेच काढायचा असतो.

चालू करणे

हा या विद्येचा गाभा आहे. इथे घाई चालत नाही.

तयारी आदल्या रात्री सुरू होते. उत्तर डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिन विजेवर गरम ठेवायच्या हीटरचं पेटंट 1949 मध्ये मिळवलं, तेव्हापासून या प्रदेशात गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबलेली दिसते. आपल्या गाडीचीही असेल. ती घरातल्या प्लगला जोडावी. मग एक्स्टेन्शनचं दुसरं टोक खरोखर प्लगमध्येच आहे ना, हे बाहेर जाऊन बघावं, कारण डिसेंबरात त्या जागेवर घरातल्यांनी रोषणाईची माळ लावलेली असते. सकाळी माळ गरम आणि इंजिन गार, असं होतं.

पहाटे साडेचारला उठावं. या वेळी गावाकडे दुपार असते, त्यामुळे आईचा फोन हमखास येतो. ‘अरे, एवढ्या थंडीत कुठे निघालास, घरात बस की!’ यावर उत्तर देऊ नये. तिचं बरोबर आहे.

पारा उणे अठरावर असेल तर बॅटरीची ताकद जेमतेम निम्मी उरलेली असते आणि इंजिनमधलं तेल घट्ट झाल्यामुळे तिच्याकडून काम मात्र जास्त हवं असतं. म्हणून आधी दिवे, पंखा, रेडिओ, सगळं बंद करावं. मग किल्ली फिरवावी आणि कान द्यावा. नवशिक्याने आवाजांचा अभ्यास करायचा असतो. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे. एकच ठसठशीत ‘टक’ आला तर सेल्फ अडकला आहे. कुणाला तरी किल्ली धरायला बसवून, गाडी न्यूट्रलवर आणि हँडब्रेकवर असल्याची खात्री करून, खाली वाकून सेल्फच्या अंगावर लहान हातोडीने दोन-चार वेळा ठोकावं. काहीच आवाज आला नाही तर बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी तारेच्या ब्रशने घासावी, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये थोडा हलवून बघावा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये दोन मिनिटं थांबावं. मोठी हातोडी कशासाठी आहे हे विचारू नका. ती नुसती जवळ असली तरी बरं वाटतं.

एक खबरदारी. चांगली चार्ज असलेली बॅटरी उणे साठापर्यंतही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे सातच्या आसपासच गोठते. फुगलेल्या, गोठलेल्या बॅटरीला जंपर लावू नये. ती फुटते, आणि तिच्यात तेजाब असतं.

गाडी चालू झाली की हर्ष दाखवू नये. गाडीला तो कळतो.

पातं

साडेसात फुटांचं पातं, सोबतच्या सांगाड्यासह तीनशे किलोच्या घरात जातं आणि सगळं वजन पुढच्या चाकांवर येतं. मागची चाकं त्यामुळे हलकी होऊन जागच्या जागी फिरतात. वाळूची पोती त्यासाठी आहेत. ती मागच्या आसाच्याही मागे टाकावीत. जुन्या गाड्यांमध्ये चारही चाकांना जोर देण्यासाठी खाली उतरून पुढच्या चाकांवरचे हब हाताने फिरवावे लागतात. हे काम गाडी रुतण्याआधी करायचं असतं, हे लक्षात मात्र रुतल्यावर येतं.

पातं वर-खाली करायला विजेची मोटर आणि तेलाचा पंप असतो. बटण दाबलं की ती मोटर दीडशे अँपिअरच्या वर करंट ओढते, आणि गावात पिठाची गिरणी सुरू झाली की घरोघरचे दिवे जसे मलूल होत, तसे गाडीचे दिवे मलूल होतात. जुन्या अल्टरनेटरचा हा आवाका नव्हे. म्हणून पातं सारखं वर-खाली करत बसू नये. मध्ये थोडं इंजिन पळू द्यावं.

पुढे दोनच गोष्टी होतात. एक तर पातं खाली जातं आणि वर येत नाही, किंवा मोटर सुरू होते आणि बंद होत नाही. पहिल्याचं कारण बहुधा तेलात शिरलेलं पाणी. ते नळीत गोठतं. उन्हाळ्यात तेल बदललं असतं तर हे झालं नसतं, पण उन्हाळ्यात कोणाला बर्फ आठवतो? दुसऱ्याचं कारण चिकटलेला सोलेनॉइड, म्हणजे मोटरचा स्विच; त्याला लहान हातोडीचा प्रसाद द्यावा, नाही ऐकलं तर बॅटरीची तार ओढून काढावी. पातं खाली अडकण्याची ठरलेली जागा म्हणजे ड्राइव्हवे आणि रस्ता यांच्या मधोमध, आणि ठरलेली वेळ शाळेची बस येण्याची. पिवळ्या बसच्या खिडक्यांतून सगळी मुलं बघत असतात. साखळी पात्याला अडकवून जॅकने उचलावं, बांधावं आणि मागे यावं. मुलांना हात करावा.

मोठ्या रस्त्यावरून जाताना पातं वर उचलून तिरकं ठेवावं. सरळ ठेवलं तर रेडिएटरला वारा लागत नाही आणि उणे पंधरा तापमानात गाडी तापून वाफा सोडते. हा चमत्कार पाहायला लोक थांबतात. गाडी उभी करताना मात्र पातं जमिनीवर टेकवावं, नाहीतर सगळा भार रात्रभर हायड्रॉलिकवर राहतो.

प्रत्यक्ष बर्फ काढणे

यात विशेष काही नाही. बर्फ पडत असतानाच काढत राहावा, साठू देऊ नये. पहिल्या बर्फाच्या वेळीच ढीग जितका लांब ढकलता येईल तितका ढकलावा, कारण तो गोठून दगड होतो आणि जानेवारीपर्यंत ड्राइव्हवे एका बाजूने बोळ झालेला असतो. कडेच्या खुणेच्या काठ्या नोव्हेंबरात रोवाव्यात. जमीन गोठल्यावर त्या आत जात नाहीत. सावकाश जावं. दडलेल्या दगडाला पातं लागलं तर स्प्रिंगमुळे ते झुकतं, पण वेगात असाल तर स्प्रिंगऐवजी आपले दात झुकतात. आपला बर्फ रस्त्यापलीकडे ढकलणं इथे कायद्याने चालत नाही आणि शेजाऱ्याला तर मुळीच चालत नाही. सगळं लख्ख झालं की नगरपालिकेचा मोठा ट्रक येतो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी कंबरभर बांध घालून जातो. त्याच्यावर रागावू नये. तो चालू झाला, याचं कौतुक करावं.

सिरॅक्यूसच्या उत्तरेला सेंट लॉरेन्स नदीकाठी क्लेटन नावाचं गाव आहे. कार्ल फ्रिंक यांनी 1920 च्या सुमारास मोटारट्रकला लावायचे बर्फाचे नांगर तिथे बनवायला सुरुवात केली. आमचं सगळं दुखणं म्हणजे इथलाच स्थानिक उद्योग आहे. तिकडे मिनेसोटात वाहतूक खातं आपल्या बर्फ काढणाऱ्या ट्रकांसाठी लोकांकडून नावं मागवतं. पहिल्या स्पर्धेत ‘प्लाऊई मॅकप्लाऊफेस’ निवडून आलं. आपल्या गाडीला नाव द्यायला हरकत नाही, पण ते लहान मुलांसमोर उच्चारता येईल असं असावं.

हिशोब

करू नये. मोसमाला ठरावीक पैसे घेऊन माणूस येतो आणि ड्राइव्हवे साफ करून जातो. त्याच्या रकमेशी आपल्या बॅटऱ्या, सेल्फ, तेल आणि टायर यांची बेरीज ताडून बघण्याचा मोह होईल. तो आवरावा. घरात दुसऱ्या कुणी ती बेरीज केली तर विषय बदलावा.

मिळकतीची बाजूही आहे. एकदा गाडी दारात दिसली की आळीतले सगळे वयस्कर शेजारी तुमचे होतात; त्यांचे ड्राइव्हवे काढावेत, ते केळ्याचा केक देतात. आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते. इथल्या मराठी मंडळातल्या ज्या घरी हळदीकुंकू असेल तिथून सकाळी सहालाच फोन येतो, ‘अहो, तुमच्याकडे ती गाडी आहे ना?’ वीस गाड्या उभ्या राहतील एवढी जागा करून द्यायची. गाडी त्या दिवशी पहिल्या फटक्यात चालू होते, याचं शास्त्रीय कारण सापडलेलं नाही. बदल्यात स्टीलच्या डब्यातून तिळगूळ मिळतो. डबा परत करायचा असतो.

इतकं वाचूनही घ्यायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या; ऑक्टोबरात याच डबड्याची किंमत चढते. पण दोन गोष्टींत हयगय करू नका. ब्रेकच्या लोखंडी नळ्या चासीला लागून जातात, दिसत नाहीत आणि मिठाने पहिल्या सडतात. फुटल्या की पेडल थेट तळाला जातं. त्या काढून निकेल-तांब्याच्या घालून घ्या. त्या गंजत नाहीत. आणि गाडी बर्फात अडकली, इंजिन चालू ठेवून आत बसायची वेळ आली, तर आधी खाली उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, काच थोडी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.