उरलेल्या चौघांचा जांभळा गट

सकाळी उठल्याउठल्या फॅमिली ग्रुपवर रंगीत चौकोन पाठवणारी एक जमात हल्ली पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत आढळते. शब्द एकही नाही, नुसते रंग. काकांना वाटतं, पुतण्या बाथरूमच्या टाइल्स बदलतोय.

ते चौकोन म्हणजे 'कनेक्शन्स'चा निकाल. न्यूयॉर्क टाइम्सने जून 2023 मध्ये आणलेलं हे रोजचं कोडं. 16 शब्द, त्यांचे चार-चारांचे चार गट, आणि चौथ्या चुकीला खेळ खलास. (बीबीसीच्या 'ओन्ली कनेक्ट' या क्विझ शोमध्ये अशीच शब्दांची भिंत 2008 पासून उभी आहे, पण ते असो.) पिवळा गट सर्वांत सोपा, जांभळा सर्वांत अवघड. जांभळ्यात पुष्कळदा अर्थाचा काही संबंधच नसतो. सगळ्या शब्दांमागे एकच अदृश्य शेपूट, किंवा पुढे एकच अदृश्य तोंड असतं.

समजा फ्लाय, मिल्क, कप आणि स्कॉच समोर आले. माशी, दूध, कप म्हटल्यावर मराठी माणसाला थेट अमृततुल्य दिसतं, आणि स्कॉच तो संध्याकाळसाठी बाजूला काढतो. उत्तर निघतं 'बटर': बटरफ्लाय, बटरमिल्क, बटरकप, बटरस्कॉच. त्यातही फ्लाय महाबिलंदर. 'फायर', 'हाउस', 'ड्रॅगन', कुणाच्याही मागे जाऊन बसेल. पण नियम कडक आहे: एका शब्दाचा गट एकच, आणि एकदा लागला की हलायचं नाही.

असा नियम करायला अमेरिकनच हवेत. आपल्याकडे कोणता आमदार कुठल्या गटात, हे कोडं 2022 पासून निवडणूक आयोग, विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय एवढ्यांनी हाताळलं. खेळाडू मात्र निवांत. उत्तर छापून येईतो शब्दच उठून दुसऱ्या ओळीत जात.

उपसर्गांची तर आपल्याकडे चंगळच. 'उप' लावा: मुख्यमंत्र्याचा उपमुख्यमंत्री होतो. हे पद राज्यघटनेत नाही, बंगल्यावरच्या पाटीवर आहे. 'महा' लावा: युती, आघाडी, मार्ग, मेळावा, कशालाही चालतो. उपमहापौराला तर दोन्ही लागतात; आधी महा करून मग उप केलेला माणूस कोडं घालणाऱ्याने कुठल्या रंगात बसवावा? आणि 'भावी' फ्लेक्सवर कुणाच्याही नावाआधी चिकटतो, वाढदिवस असला की झालं.

जांभळ्याचं खरं गुपित मात्र चौकोन पाठवणारे सांगत नाहीत. तीन गट जमले की उरलेल्या चार शब्दांचा चौथा गट आपोआप होतो. त्यांच्यात काय समान आहे, हे खेळाडूला नंतर कळतं, आणि तोवर "आज जांभळा काय मस्त होता!" हा मेसेज गेलेला असतो.

मंत्रिमंडळाचा विस्तार थेट याच पद्धतीने होतो. जात, जिल्हा, निष्ठा असे सोपे गट आधी लागतात. मग कशातच न बसलेले आमदार उरतात. त्यांच्यात समान काय, ते त्यांनाही माहीत नसतं. थोडे दिवस रुसवे, थोडी दिल्लीवारी, आणि एका सकाळी उपसर्ग सापडतो: महामंडळ.