रविवारचा मिस्त्री

गाडीदुरुस्तीतलं मला सगळं येतं, फक्त ओळीने येत नाही. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल आमच्या घरात एकमत आहे. वाद असला तर तो पहिल्याबद्दल. तेल, मोहरी, हिंग, हळद सगळं नीट मापात कढईत घालावं आणि गॅस मात्र सगळ्यात शेवटी पेटवावा, अशी माझी कारागिरी.

दोष तसा वडिलांचा. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. तिचं बॉनेट उघडलं की आत इंजिन दिसायचं, इंजिनाच्या आजूबाजूला मोकळी जागा दिसायची आणि त्या जागेतून खालची जमीनही दिसायची. रविवार उजाडला की वडील तिचे पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, प्लग काढून जुन्या टूथब्रशने साफ करायचे, कार्ब्युरेटरचा जेट तोंडाने फुंकायचे, आणि मी शेजारी टॉर्च धरून उभा असायचो. टॉर्चसुद्धा बहुतेक वेळा भलतीकडे. एवढ्या भांडवलावर मी पुढे सासरेबुवांना बेधडक सांगून टाकलं, की गाडीच्या बाबतीत आपला हात वडिलांवर गेलाय. आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं एक झाकण दिसतं. मी त्या झाकणावर टॉर्च मारतो आणि थोडा वेळ विचारात पडल्यासारखा उभा राहतो.

एकदा हॉर्न वाजेना म्हणून फ्यूजबॉक्स उघडला. फ्यूज हे प्रकरण मुळात माझ्यासारख्यांसाठीच रंगवलेलं असतं. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. आणि जळलेला असेल तर आतली तार तुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. एकेक उपसायचा, बघायचा, जिथल्या तिथे बसवायचा. मी सगळेच उपसले, वर्तमानपत्रावर मांडले, उजेडात धरधरून तपासले, जळलेला अगदी अचूक शोधून काढला, विजयी मुद्रेने आत चहा प्यायला गेलो आणि बाहेर येऊन बघतो तो लेकीने उरलेल्यांची रांगोळी घातलेली. छान होती. कुठला फ्यूज कुठे, हे बॉक्सच्या झाकणावर आतल्या बाजूला छापलेलं असतं हे मला कळेपर्यंत दहाच्या जागी तिसाचा बसला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी, जे वीज मंडळातून निवृत्त झालेत, अतिशय शांतपणे सांगितलं, की आता फ्यूज कधीच उडणार नाही. वायर जळेल.

पण माझ्या कीर्तीवर कळस चढला तो डिसेंबरातल्या त्या रविवारी. वणीला गडावर जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी मी जातीने गाडी धुतली, चारी चाकांत हवा भरून घेतली, रस्त्याकडेला एकाकडे गालिच्यासारखी जाडजूड मॅट मिळाली ती पुढे पायाखाली अंथरली. सकाळी आई पुढच्या सीटवर, मांडीवर ओटीचं सामान. ही आणि लेक मागे. नाशिकची थंडी, काचा धुकटलेल्या. किल्ली फिरवली. घरघर नाही, टकटक नाही, काहीच नाही. निफाडचा पारा किती खाली गेला ते मी नुकतंच पेपरात वाचलं होतं आणि थंडीत बॅटरीची ताकद कमी होते हे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी निदान करून टाकलं, "बॅटरी उतरली."

"अहो, रिक्षा सांगू का स्टँडपर्यंत?" हिने विचारलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसं अशी वागतात.

काका माकडटोपी घालून मल्टिमीटरसकट खाली आले. "दिवे लागतात?" "लख्ख." त्यांनी बॅटरीला मीटर लावला. "बारा पॉइंट सहा. ही भरलेली आहे. दुसरं काहीतरी बघ."

"काका, नुसता व्होल्टेज बघून कळत नाही, लोड आला की बसते ती," मी म्हणालो. हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. कुठलाही मिस्त्री हेच सांगेल. त्या बॅटरीला ते लागू नव्हतं, इतकंच. आणि लोडवर आली की दिवे मंद व्हायला हवेत, किल्ली फिरवल्यावर निदान रिलेची टकटक तरी ऐकू यायला हवी, हेही मला माहीत होतं. पण ते मला दिंडोरीजवळ आठवलं.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली होती, तिने मला आणखी बळ दिलं. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची, कारण गाडीचं सगळं अंग निगेटिव्हला जोडलेलं असतं. उलट केलं तर पॉझिटिव्हवरचा पाना जरा कुठे लोखंडाला टेकला की ठिणगी. मी हे लेकीला मोठ्याने समजावून सांगत होतो, आणि हाताने पॉझिटिव्ह सोडवत होतो. ठिणगी पडली. पाना बॅटरीवरून उडून वॉचमनमामांच्या खुर्चीपाशी जाऊन पडला, खुर्चीतले मामा गेटबाहेर जाऊन उभे राहिले, आणि आईने ओटीतला नारळ छातीशी धरला. मग ती पूड धुवायला गरम पाण्यात खाण्याचा सोडा, म्हणजे आम्ल मरतं; उपाय रामबाण आहे, पण त्याला चमचाभर सोडा पुरतो. मी डबा नेला. संध्याकाळी ढोकळा होता, तो तसाच बसला. टर्मिनल आरशासारखी चकचकीत झाली, वर व्हॅसलीन लावलं, केबल जोडल्या (या वेळी काकांनी माझं मनगट धरून क्रम सांभाळला) आणि किल्ली फिरवली. इंजिन गप्प. म्युझिक सिस्टिम मात्र जागी झाली आणि तिने चार आकडी कोड मागितला. तो कोड ज्या पुस्तिकेत आहे ती मी कुठेतरी जपून ठेवलेली आहे.

मग सेक्रेटरींची गाडी नाकाला नाक लावून उभी केली. जंपर केबलचा क्रम मला तोंडपाठ: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग जिवंतच्या पॉझिटिव्हला, काळी जिवंतच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीला न लावता दूर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तिथे ठिणगी नको. आयुष्यात पहिल्यांदा सगळं ओळीने केलं. किल्ली फिरवली. शांतता. काका म्हणाले, "आता भरलेल्या बॅटऱ्या दोन झाल्या."

शेवटी सोसायटीच्या उताराचा आसरा घेतला. वॉचमनमामा, दूधवाला आणि क्रिकेटला निघालेली पोरं मागे लागली. किल्ली ऑन, दुसरा गिअर, वेग आला की क्लच सोडायचा. गाडीने दोन गचके खाल्ले आणि इंजिन धडाडलं. गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. मी काच खाली करून हात हलवला. अशा वेळी माणसाने गप्प बसावं, पण मी काकांकडे बघून ओरडलो, "लोड, काका, लोड!"

दिंडोरीच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या कडेला, पुढचं चाक बसलं. मी सवयीने इंजिन बंद केलं. मागून हिचा एक दीर्घ श्वास ऐकू आला. पंक्चर म्हणजे मात्र माझ्या हातचा मळ: स्टेपनी, जॅक, पाना. जॅक लावला, गाडी उचलली, नटाला पाना घातला आणि सगळा जोर लावला, तर नट जागच्या जागी आणि चाक गरगर फिरायला लागलं. मी चाकाबरोबर अर्धा फिरलो, पाय टेकवून पुन्हा लावला, चाकाने मला दुसऱ्या बाजूने फिरवलं, लेक टाळ्या पिटत होती आणि आई म्हणत होती की गडावर पायऱ्यांनी जाऊ पण हे नको. द्राक्षाच्या क्रेट भरलेला एक टेम्पोवाला थांबला. "भाऊ, चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, मग उचलायची." मी म्हणालो, "माहीत आहे." खरंच माहीत होतं. त्याने गाडी उतरवली, नट ढिले केले, परत उचलली, स्टेपनी काढली आणि बोटाने दाबून पाहिली. चारी चाकांत हवा भरली होती, हे मी वर सांगितलंच आहे. स्टेपनी पाचवी.

टेम्पोवाल्याने फोन करून दिंडोरीहून पंक्चरवाला बोलावला. मोटारसायकलवर पोरगं आलं, मिसरूडही धड फुटलेलं नाही. त्याने तिथेच पंक्चर काढलं, चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळले, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. मी पैसे देता देता म्हणालो, "आता जरा धक्का दे बाबा, बॅटरी उतरलीय." तो म्हणाला, "मारा की सेल्फ." मारला. काही नाही. त्याने खिडकीतून डोकं आत घातलं.

"काका, क्लच पूर्ण दाबा."

"दाबलाय."

"मॅट दाबलीय तुम्ही."

आजकालच्या कितीतरी गाड्यांत क्लचच्या पेडलपाशी एक स्विच असतो. पेडल तळापर्यंत गेल्याशिवाय तो स्टार्टरकडे करंट जाऊ देत नाही, गिअरमध्ये असताना गाडीने उडी मारू नये म्हणून. हे माझ्या पुस्तिकेतही लिहिलेलं असणार, म्युझिकच्या कोडच्या आसपास. पोराने दोन बोटांनी मॅट मागे ओढली. मी किल्ली फिरवली. त्या आवाजानंतर गाडीत गडापर्यंत कोणी बोललं नाही. आईचं म्हणणं, देवीची कृपा. हिचं म्हणणं, ढोकळ्याचं काय?

मात्र सोसायटीने यातलं फक्त उतारावरचं दृश्य पाहिलंय. तेव्हापासून रविवारी माझ्याकडे लोक येतात. कोणाचा वायपर घासतो, कोणाची स्कूटर सकाळी किक घेत नाही, आणि काका गॅलरीत बसून हसू दाबत बघत असतात. तेव्हा तुमचीही गाडी सुरू होत नसेल तर संकोच करू नका, मला जरूर कळवा. फक्त मी येईपर्यंत ती उतारावर लावून ठेवा.