भात कधीचा आहे?

आधीच सांगून टाकतो, माझी तक्रार कच्च्या माशाबद्दल नाही. 'सुशी खाल्ली आणि निराश झालो' म्हटलं की ऐकणारा लगेच 'कच्चाच मासा तो, दुसरं काय होणार' असं सांत्वन करायला लागतो. मासा निर्दोष होता. निदान त्याच्यावर काही सिद्ध झालं नाही. माझी तक्रार भाताबद्दल आहे, आणि भाताच्या बाबतीत मी, माझी बायको आणि विशेषतः माझी काकू, आम्ही कुणाचं ऐकून घेणारी माणसं नाही.

बेत भाच्याचा. पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी मूल जपानी शिकत असतं. आमच्या घरात तो मान भाच्याकडे आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याने जपानी गिरवलं, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पायऱ्या चढत तो एन-थ्रीपर्यंत पोचला आणि हिंजवडीत अशा नोकरीला लागला की जिथे त्याचे जपानी साहेब त्याच्याशी इंग्रजीत बोलतात. पुण्याचं आणि जपानचं सूत तसं जुनंच. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली बाग आहे. तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं, आखणी जपानी, आणि हिरवळीवर पाऊल ठेवलंत की जी शिट्टी वाजते ती मात्र अस्सल पुणेरी.

तर भाच्याने बाणेरला एक 'कॅज्युअल सुशी' हॉटेल शोधलं. नाव सांगत नाही. मालक तरुण दिसत होता, कर्ज काढलं असणार. मालवणची काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली होती. नवा डोळा मिळाल्यापासून तिला सगळंच स्वच्छ दिसत होतं, आणि ज्यांना ज्यांना ती स्वच्छ बघत होती त्यांची काही खैर नव्हती. तिलाही घेतलं.

कॅज्युअल असण्यात मला गैर काही वाटत नव्हतं. सुशी हा ऐटीत बसून खायचा प्रकार मुळात नव्हताच. फार पूर्वी मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवायचे, आणि खायच्या वेळी भात फेकून देऊन मासा खायचे. बिवा सरोवराच्या काठी फुनाझुशीसाठी मासा अजूनही भातात असाच मुरवतात. पुढे १८२०च्या दशकात एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई नावाच्या माणसाने व्हिनेगर लावलेल्या भाताचा मुटका वळला, वर माशाचा तुकडा ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. मुरवणं नाही, थांबणं नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर लोक उभ्याउभ्या खायचे, आणि तेव्हाचा घास आजच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट मोठा असायचा. काकूला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग लहान कुणी केला?" या प्रश्नाचं उत्तर मला बिल आल्यावर सुचलं.

दारातून आत शिरताच चार-पाच पोरं एकदम ओरडली, "इराश्शाइमासे!" काकू दचकून माझ्या बायकोला बिलगली. तिला वाटलं, आत कुणाच्या तरी हातून कढई पडली. भाच्याने 'या, या म्हणतायत' असा खुलासा केला आणि मोका साधून जवळच्या वेटरशी घडाघडा जपानीत काहीतरी बोलला. वेटरने अदबीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, एसी कमी करू का?" पोरगा परभणीचा निघाला. त्यानंतर संभाषण सुरळीत झालं.

मध्यभागी फिरता पट्टा होता. ही युक्ती ओसाकाच्या योशिआकी शिराइशींची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ती सुचली आणि १९५८मध्ये त्यांनी बशा फिरवणारं पहिलं हॉटेल काढलं. पट्ट्याची गंमत गर्दीवर चालते. बशा भराभर उचलल्या गेल्या की नव्या ताज्या बशा मागून येत राहतात. इथे मंगळवारची रात्र, चतुर्थी, आणि गिऱ्हाईक म्हणजे आम्ही आणि कोपऱ्यात मोबाइल बघणारं एक जोडपं. त्यामुळे काकडीचा एक रोल, कसल्याशा केशरी सॉसचा दुसरा आणि एकटी पडलेली कोलंबी असे तिघेच पट्ट्यावरून फिरत होते. लग्नाच्या हॉलमधला लांबचा काका जसा 'ओळखलंस का मला?' म्हणत पुन्हा पुन्हा समोर येतो, तसा तो काकडीचा रोल येत राहिला. पुढे पुढे आम्ही नजर चुकवायला लागलो.

मेनूकार्डात शाकाहारी पान मांसाहारी पानापेक्षा लांब. पनीर टिक्का रोल, शेजवान क्रिस्पी रोल, जैन रोल. इथे भाच्याने नाक मुरडलं, पण मी पनीरच्या बाजूचा माणूस आहे. अमेरिकेला गेल्यावर सुशीतही अव्होकाडो शिरलाच. शिवाय तिकडच्या लोकांना बाहेरून दिसणारा समुद्री शेवाळाचा काळा कागद रुचेना, म्हणून तो आत लपवून भात बाहेर आणला गेला; तोच कॅलिफोर्निया रोल आज जगभर सुशी म्हणून मिरवतो. अमेरिकेला चालतं ते पुण्याला का चालू नये? बायकोने पनीर टिक्का रोल मागवला. भाच्याने स्वतःसाठी आणि काकूसाठी सामनची निगिरी, म्हणजे भाताच्या मुटक्यावर मासा ठेवलेली सुशी, सांगितली.

बशी येताच काकूची चौकशी सुरू झाली. "ह्यो मासो खंयचो?"

"नॉर्वेचा आहे, आज्जी," परभणीकर म्हणाला.

"आणि आलो कधी?"

"पिशवीतून येतो."

"कल्ले बघूक मिळतले?"

पोरगं बावरलं. भाचा मध्ये पडला. त्याचं म्हणणं, कच्च्या माशात 'आज सकाळचा' हे काही मोठं प्रशस्तिपत्रक नव्हे. जंत मरावेत म्हणून अनेक मासे आधी गोठवतात, अमेरिकेच्या अन्नखात्याच्या सूचनेप्रमाणे उणे २० अंशांवर ७ दिवस. आणि हा सामन कच्चा खाणं ही काही जपानची पुरातन परंपराही नाही. जंतांच्या भीतीने जपानी लोक सामन भाजून नाहीतर खारवून खायचे. १९८०च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी आपला पाळलेला सामन खपवायला खास मोहीम काढली आणि तेव्हापासून तो कच्चा सुशीवर चढला. काकूने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे विकणाऱ्याने सांगितलं, आणि खाणाऱ्याने ऐकलं," ती मराठीत म्हणाली. गणेश पेठेच्या मासळी बाजारात तिच्याबरोबर एकदा गेलेल्या माणसाला या वाक्यामागचा अनुभव कळेल.

भाचा चॉपस्टिकने निगिरी उचलायला गेला आणि मासा एकीकडे, भात दुसरीकडे झाला. काकूने सरळ हाताने उचलली. भाच्याचा चेहरा पडला, पण निगिरी हाताने खाणं जपानमध्ये रीतीला धरूनच आहे, हे त्यालाही कबूल करावं लागलं. बशीतला वासाबीचा हिरवा गोळा चटणी समजून तिने बोटभर घेतला. आम्ही श्वास रोखून बसलो. तिचं नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं, नव्या डोळ्यात जरा जास्तच. मग शांतपणे म्हणाली, "मोहरी फेसलीय, पण फेसणाऱ्याचा हात कच्चा आहे." तिचं निदान अचूक होतं. खरा वासाबी महाग आणि दुर्मीळ. बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांच्यावरच भागवतात, आणि नाकात चढणारं रसायनही वासाबीत आणि मोहरीत एकच. आल्याचं गुलाबी लोणचं तिला आवडलं. ते तिने संपवलं, पुन्हा मागवलं, आणि रात्रभरात मनापासून कौतुक झालं ते एवढ्याच एका पदार्थाचं.

आणि मग तिने चावलं. चावून थांबली.

"भात कधीचा आहे?"

मीही घास घेतला. भात थंडगार होता. नुसता थंड नाही, कडक. प्रत्येक शीत आपापलं वेगळं, दाताखाली कचकचणारं, आणि तरीही एकूण मुटका मात्र सुटत चाललेला. बायकोच्या पनीर टिक्क्याचीही तीच गत. टिक्का गरम, त्याच्याभोवती भात बर्फासारखा. शिजलेला भात फ्रिजमध्ये गेला की त्यातला स्टार्च पुन्हा ताठरतो, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असतं. म्हणूनच रात्रीचा भात सकाळी फोडणीत जातो. सुशीत फोडणीची सोय नाही. तिथे भात शिजल्या शिजल्या लाकडी परातीत पसरतात, व्हिनेगर-साखर-मीठ कालवतात, पंख्याने वारा घालतात, आणि ओल्या कपड्याखाली अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात. टोकियोत गिन्झाच्या मेट्रो स्टेशनच्या तळघरात जिरो ओनो या म्हाताऱ्याचं जेमतेम १० खुर्च्यांचं हॉटेल आहे. २०११मध्ये त्याच्यावर एक माहितीपट निघाला. भाच्याने तो आम्हा सगळ्यांना बसवून दाखवला होता. त्यात मासा निवडताना जेवढी माणसं गंभीर होतात, तेवढीच भातापाशीही होतात. हा सगळा भाताचाच पदार्थ आहे. मासा नुसता वर बसून मिरवतो.

मला चीड आली ती मेनूकार्डातल्या एका ओळीची. 'इम्पोर्टेड जॅपनीज राइस.' अहो, इथून थोड्याच अंतरावर वडगाव मावळ आहे. तिथल्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७मध्ये इंद्रायणी निघाला, तो पुण्याच्या घराघरांत शिजतो, आणि त्याच्यावर लोकांचा एकच आक्षेप असतो: चिकट होतो. इथे चिकट भाताचीच गरज होती! अर्ध्या जगाला वळसा घालून तांदूळ आणायचा, आणि रात्रीच्या उरलेल्या भातासारखा स्टीलच्या डब्यात भरून दुधाच्या पिशव्यांशेजारी ठेवायचा? इम्पोर्टेड पाहुण्याला एवढा तरी मान द्यावा.

परभणीकराने खाली वाकून हळूच सांगितलं, "आज्जी, खरं सांगू का, भात दुपारी एकदाच लावतात."

"तुम्ही घरी किती वेळा लावता?"

"आई दोन्ही वेळचा लावते."

काकूने माझ्याकडे बघितलं. पुढचं तिला बोलायची गरज वाटली नाही.

मॅनेजर आला. फूड सेफ्टीचे नियम असतात, भात बाहेर ठेवता येत नाही, असं त्याने सांगितलं. भाच्याला आयतं मैदान मिळालं. व्हिनेगर पुरेसं असेल आणि भाताचा पीएच ४.६च्या खाली असेल तर तो काही तास बाहेर ठेवायला परदेशातले आरोग्य अधिकारीसुद्धा परवानगी देतात. तो आंबट करण्यामागे चवीइतकंच हेही कारण आहे. मॅनेजरने भाताचा पीएच कधी मोजला होता का, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने विषय बदलला, फीडबॅक फॉर्म पुढे केला. त्यात 'अँबियन्स' आणि 'म्युझिक' यांना पाच-पाच तारे देण्याची सोय होती, भाताचा रकानाच नव्हता. बायकोने 'इतर सूचना' या दोन ओळींच्या जागेत बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली आणि मागच्या पानावर गेली.

बिल किती झालं हे इथे लिहीत नाही. काकू हा अंक वाचते. सर्व्हिस चार्ज लावला होता. तो द्यायचा की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर असतं, अशी मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये काढली आहे. मी तो काढून घ्यायला लावला आणि तेवढेच पैसे परभणीकराच्या हातात ठेवले.

आम्ही उठणार एवढ्यात मॅनेजर स्वतः चार वाट्या घेऊन आला. वाट्यांत गुलाबी, गुळगुळीत, फ्रिजमधून नुकतेच काढलेले गोळे.

"मोची आहे, मॅडम. आमच्याकडून."

"कशाची करतात ही?" काकूने विचारलं.

"तांदळाच्या पिठाची, आजी," भाचा म्हणाला.

काकूने पर्स उचलली.