अर्जाला कावळा शिवेना

नाशिकमध्ये नोकरी मिळणं अवघड आहे, ही बातमी शिळी झाली. आता नकार मिळणंही अवघड झालंय. सातपूर, अंबड, सिन्नर आणि हिंमत असेल तर थेट चाकणपर्यंत मुलाखती देऊन आलेल्या पोरांना विचारा, तुम्हाला ‘नाही’ कोण म्हणालं? कोणीच नाही. ‘दोन-तीन दिवसांत कळवतो’ एवढंच सगळ्यांना सांगितलेलं असतं. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पण त्याची तारीख आधी समजते. 2015चा होऊन गेला, 2027चा येतोय आणि त्याच्या नावाने रस्ते खणायला सुरुवातही झाली. या दोन-तीन दिवसांचं पंचांग मात्र अजून कोणी छापलेलं नाही.

आमच्या सोसायटीतला एक मेकॅनिकलवाला गेल्या श्रावणात अंबडच्या एका कारखान्यात मुलाखत देऊन आला. साहेबांनी चहा पाजला, पगाराची अपेक्षा विचारली, ‘रुजू कधी होऊ शकाल’ तेही विचारलं. ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?’ हा प्रश्न आलाच. पोरगा नाशिकचा, खरं बोलून मोकळा झाला: ‘द्वारका चौकात.’ साहेब हसले. तेही तिथूनच, पाऊण तास अडकून आले होते. घरी या हसण्यावर दोन दिवस चर्चा चालली. वडिलांच्या मते, साहेब हसले म्हणजे काम झालं. आत्याच्या मते, हसले म्हणजे गेलं. आईने वेळ न दवडता नवश्या गणपतीला नवस बोलला. आता पंचाईत अशी की नवस फेडायचा की मागे घ्यायचा, हे गणपतीलाही ठरवता येत नाही, कारण कंपनीने त्यालाही अजून कळवलेलं नाही.

कंपनी नकार देत नाही म्हणून तो द्यायचा राहतो असं मात्र नाही. ते काम नातेवाईक विनामूल्य करतात. पहिल्या आठवड्यात ‘आला का फोन?’, दुसऱ्या आठवड्यात ‘अजून नाही आला?’ आणि महिन्याभराने थेट शवविच्छेदन. टाय लावला होतास का? इंग्रजीत बोललास का? आधी हात कोणी पुढे केला? कॉलेज रोडला या विषयाचे क्लासही आहेत. तिथे खुर्चीत बसायचं कसं हे शिकवतात, खुर्ची मिळवायची कशी ही पुढची बॅच. मुंबईला मुलाखतीला निघालेला पोरगा चुकून पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवाल्यांच्या डब्यात शिरला, तर नाशिकरोड ते कल्याण त्याचे तीन मॉक इंटरव्ह्यू होतात आणि तिन्हींत तो नापास होतो. पासवाल्यांचंही बरोबर आहे. ज्यांना रोज पहाटे उठून नोकरीसाठी मुंबई गाठावी लागते, त्यांच्याइतकं मुलाखतीतल्या यशाचं दुष्परिणामांसकट ज्ञान कोणाला असणार?

शवविच्छेदन झालं की सांत्वन. सांत्वनाला आपल्याकडे कलाम लागतात. गोष्ट खरी आहे आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. हवाई दलात पायलट व्हायचं म्हणून तरुण अब्दुल कलाम डेहराडूनला निवड मंडळापुढे गेले. उमेदवार पंचवीस, जागा आठ, कलाम नववे. खचलेल्या मनाने ते हृषीकेशला गेले, स्वामी शिवानंदांना भेटले, आणि पुढचं सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मेकॅनिकलवाल्याचे काका ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज असा लागतो, जणू डेहराडूनच्या त्या मंडळावर तेच होते आणि नकार मुद्दामच दिला होता.

या गोष्टीत मला नेहमी त्या आठ जणांची काळजी वाटते. ते निवडले गेले. त्यांच्या आयांनी पेढे वाटले असतील. पण त्यांची गोष्ट कुठल्याही काकांना येत नाही. आणि नववा होऊन राष्ट्रपती झालेला एक, पण पंचविसातले दहावे, अकरावे, सतरावे कुठे गेले? त्यांनाही कोणी तरी हृषीकेशला पाठवलं असेलच. शिवाय कलामांची गोष्ट काका अर्धीच सांगतात. ते लढाऊ विमानात बसले ते 8 जून 2006 रोजी, पुण्याच्या लोहगावहून, सुखोई-30मध्ये. याच जातीची सुखोई विमानं आपल्या ओझरला एचएएलमध्ये तयार झाली आहेत, त्यामुळे नाशिककराने छाती फुगवायला हरकत नाही. पण नाकारलेल्या विमानात बसायला त्यांना आधी देशाचं राष्ट्रपती व्हावं लागलं, हा तपशील मेकॅनिकलवाल्याच्या लक्षात आलाय. राष्ट्रपतिपदाची जागा एकच, ती पाच वर्षांनी निघते, आणि किमान वय पस्तीस. तोवर काय करू, असं त्याने काकांना विचारलं. काका म्हणाले, अमिताभचा आवाजसुद्धा आकाशवाणीने नाकारला होता.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे, डेहराडूनने कलामांना ‘कळवतो’ म्हणून घरी पाठवलं नाही. सैन्याची ही रीत अजून आहे. भोसला मिलिटरी स्कूलच्या कुठल्याही पोराला विचारा. एसएसबीला, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळापुढे, पहिल्याच दिवशी चाळणी लागते. उरलेल्यांची पाचव्या दिवशी कॉन्फरन्स होते, छातीवरचे नंबर पुकारले जातात, आणि ज्यांचा नंबर नाही त्यांना त्याच दिवशी स्टेशनची वाट दाखवतात. रडायचं तर गाडीत रडा, पण निकाल हातात घेऊन. लासलगावच्या बाजार समितीत कांद्यालाही हा मान आहे. ट्रॉलीपुढे व्यापारी येतो, मूठभर कांदा उचलतो, आणि तुझा माल गोल्टी आहे, हे शेतकऱ्याला तोंडावर ऐकवतो. भाव पटला नाही तर शेतकरीही माल परत नेऊ शकतो. इंजिनिअरची ट्रॉली मात्र मोंढ्यात उभी ती उभीच. लिलाव झाला का, हेसुद्धा कोणी सांगत नाही.

आणि एवढं करून मुलाखत कशाची परीक्षा घेते? जेसन डाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत याचा छडा लावायचा प्रयत्न केला. 2013मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मुलाखत घेऊन एखाद्या विद्यार्थ्याचे पुढच्या सत्रातले गुण ओळखायचे होते. काही मुलाखतींत समोरच्याने प्रश्न ऐकून नव्हे, तर आधी ठरवलेल्या एका सूत्राने वाटेल तशी हो-नाही उत्तरं दिली. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ताच लागला नाही. उलट, माणूस छान कळला, असंच त्यांना वाटत राहिलं. आणि मुलाखत न घेता नुसते जुने गुण बघून केलेले अंदाज जास्त बरोबर निघाले. अंबडच्या साहेबांना हा निबंध पाठवावा असं मनात आलं होतं. पण त्यांचा ईमेल ‘नो-रिप्लाय’ या नावाने येतो. निदान नाव तरी खरं ठेवलंय.

केंद्र सरकारला हे उशिरा का होईना उमगलं. 15 ऑगस्ट 2015च्या भाषणात पंतप्रधानांनी खालच्या पदांच्या मुलाखती बंद करायची सूचना केली आणि 1 जानेवारी 2016पासून गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती केंद्रात बंदही झाल्या. एमपीएससीने मात्र राज्यसेवेच्या नव्या पद्धतीत मुलाखतीला 275 गुण ठेवले आहेत. तिथला नकार निदान आकड्यात मिळतो, भिंतीवर लावता येतो. राज्य सरकारने 2024मध्ये याहून पुढची पायरी गाठली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6,000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना मिळू लागले. मुदत सहा महिने, मग आणखी पाच. बातम्यांनी त्याला ‘लाडका भाऊ’ केलं. अकरा महिन्यांनी भाऊ घरी. मुलाखत नाही, म्हणून नकारही नाही. आणि नोकरी नव्हतीच, म्हणून ती गेली असंही म्हणता येत नाही. खासगी कंपन्यांच्या एचआरने मंत्रालयात शिकवणी लावावी इतकी ही सफाई आहे.

तेव्हा अडकलेल्या अर्जांचं काय करायचं, हा प्रश्न आता नाशिकनेच हाती घ्यावा, असा माझा प्रस्ताव आहे. इच्छा अपुरी राहिलेल्यांची सोय करण्यात आपल्या जिल्ह्याचा हात भारतात कोणी धरणार नाही. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीला लांबलांबून लोक येतात, तीन दिवस राहतात. ज्यांचं वर्षानुवर्षं काही केलं गेलं नाही, त्यांच्यासाठी त्रिपिंडी आहे. एवढी यंत्रणा उभी असताना हजारो बायोडेटा सातपूर ते हिंजवडी अधांतरी भटकत राहावेत, हे तीर्थक्षेत्राला शोभत नाही.

योजना साधी आहे. मुलाखतीपासून दहा दिवस वाट बघायची. फोन आला नाही तर रामकुंडावर अर्जाचा दहावा. पिंडाशेजारी बायोडेटाची रंगीत प्रत, अनुभव प्रमाणपत्राची झेरॉक्स, आणि अपेक्षित पगार खोडून लिहिलेला ‘कंपनीच्या नियमानुसार’. कंपनीचा एक प्रतिनिधी सक्तीने हजर. मग सगळ्यांनी मागे सरकून कावळ्याची वाट पाहायची. कावळा लवकर यायचा नाही. अर्जाची इच्छा अपुरी राहिलीय. एचआरच्या मॅडम हात जोडून म्हणतील, ‘तुमचं प्रोफाइल आम्ही डेटाबेसमध्ये जपून ठेवू.’ कावळा पलीकडच्या देवळाच्या कळसावरून हलणार नाही. ‘पुढे जागा निघाली की आधी तुमचाच विचार करू.’ कावळा मान फिरवून दुसरीकडे बघेल. क्लासवाले सर पुढे होऊन फी परत द्यायचं कबूल करतील. कावळ्याला त्यांचा पूर्वानुभव असावा. ऊन चढेल, पुढच्या घरचे लोक पिंड घेऊन खोळंबतील, गुरुजी घड्याळ बघतील. शेवटी कोणीतरी ढकललं म्हणून काका दोन पावलं पुढे होतील, घसा खाकरतील आणि सगळ्यांदेखत शब्द देतील, ‘बरं बाबा, येत्या दिवाळीला तुला कोणी विचारणार नाही, सध्या काय चाललंय म्हणून.’

कावळे थव्याने उतरतील.

आणि पायऱ्या चढून वर येता येता काका पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारतील, ‘दिवाळीला नाही म्हटलंय मी. पण आत्ता सांग, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरलास का?’