माणूस येणार आहे, जरा आवरून घ्या

धुणंभांड्याची बाई यायच्या आधी भांडी विसळून ठेवणाऱ्या पुण्यातल्या घरात जो मुलगा वाढतो, तो पुढे न्यू जर्सीत चार बेडरूमचं घर घेतो, मुलीच्या हट्टापायी लॅब्रॅडॉर पाळतो आणि एका मंगळवारी पहाटे सहाला फावडं घेऊन बॅकयार्डात उभा असतो. आठ वाजता बॅकयार्ड साफ करणारा माणूस येणार असतो. त्याला घाण दिसली तर तो काय म्हणेल?

एडिसनपासून डॅलसपर्यंत असे काका मुबलक आहेत. कुत्र्याची जात बदलते, अंगणाचं माप बदलतं, फावडं तेच.

आपल्या काकांच्या कुत्र्याचं नाव मोदक. नाव मुलीनं ठेवलं आणि काकांची भाषेची पंचाईत झाली. चतुर्थीला जे केळीच्या पानावर ठेवायचं, त्याच्या नावापुढे षष्ठीचा प्रत्यय लावून भलतंच काही बोलणं त्यांच्या जिभेला मानवेना. म्हणून घरात त्या गोष्टीला ‘कार्यक्रम’ म्हणतात. “अहो, सकाळपासून दोन कार्यक्रम झालेत, एक हायड्रेंजियाखाली आहे,” असं काकू सांगतात, आणि नव्यानं आलेल्या पाहुण्यांना वाटतं, मंडळाचं काहीतरी असावं.

पहिलं वर्षभर काकांनी काहीच उचललं नाही. आजोळी गोठा होता, शेण म्हणजे सोनं हे बाळपणीच कानावर पडलेलं. त्या हिशेबानं मोदकही खतच देत होता. पण गाय गवत खाते आणि मोदक चिकन खातो. कुत्र्याच्या विष्ठेत नायट्रोजन इतका एकवटलेला असतो की त्यानं हिरवळ पोसण्याऐवजी जळते. वर जंतांची अंडी. गोलकृमीची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना मातीत तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. पण एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं तिथेच टिकून राहतात. आठवड्याच्या आठवड्याला उचलण्यामागचं खरं गणित हे आहे. हिरवळीवर पिवळे चट्टे उठले, शेजाऱ्यांनी नमस्कार करणं कमी केलं, तेव्हा कुठे काकांनी फोन केला.

कुत्र्यामागचं अंगण साफ करून देणं हा अमेरिकेत रीतसर धंदा आहे. न्यूयॉर्क शहरात 1 ऑगस्ट 1978 पासून कुत्र्यामागचं मालकानं उचलायचं असा कायदा लागू झाला. एड कॉच तेव्हा महापौर होते. रस्त्यावर दंडाचा धाक असतो, स्वतःच्या कुंपणाआड मात्र आळसाचं राज्य. त्या आळसावर आज कितीतरी लोकांची पोटं भरतात. त्यांची संघटनाही आहे, ‘असोसिएशन ऑफ प्रोफेशनल अ‍ॅनिमल वेस्ट स्पेशालिस्ट्स’ नावाची. काकांना यातला शेवटचा शब्द फार लागला. “स्पेशालिस्ट! आमच्या भाच्याला स्पेशालिस्ट व्हायला अकरा वर्षं लागली.”

आदल्या दिवशी फोनवर सूचना आल्या. फाटक उघडं ठेवा किंवा कुलपाचा आकडा कळवा. कुत्रा घरात ठेवा. खेळणी, पाण्याची नळी, खुर्च्या उचला. स्प्रिंकलर बंद ठेवा. पाच मिनिटांचं काम. काकांनी मात्र त्याच्या आदल्या शनिवारीच सुरुवात केली होती. डेक धुतला, कुंड्या मापात लावल्या, बार्बेक्यूची जाळी घासली, वांग्याच्या वाफ्याला नवी काठी दिली. आणि सोमवारी संध्याकाळी, अंगण कसं नीटनेटकं दिसावं म्हणून, गवत कापलं.

या धंद्यातल्या लोकांना विचारा, आधी उचला आणि मग कापा असंच सांगतील. लॉनमोअरचं पातं कार्यक्रमात भेदभाव करत नाही. वर्षभराचा साठा काकांनी अर्ध्या तासात अंगणभर समप्रमाणात वाटून टाकला.

म्हणून तर मंगळवारी पहाटे सहाला फावडं. त्यात पैशांचाही हिशेब होता. साचलेल्या अंगणाच्या पहिल्या सफाईचे पैसे वेगळे आणि चांगलेच जास्त असतात. लाजेपोटी आणि डॉलरपोटी एकाच वेळी वाकता येतं, हे काकांनी दोन तासांत सात पिशव्या भरून दाखवलं. सातवीची गाठ मारताना नवीच चिंता उगवली: सगळं आपणच उचललं, तर तो माणूस पैसे कशाचे घेणार? म्हणून फेन्सजवळचा एक कोपरा त्यांनी राखून ठेवला. पाहुण्यासाठी ताटात काहीतरी हवंच.

माणूस आठला आला आणि आठ पंचवीसला आत शिरला. फाटकाच्या कुलपाचा आकडा म्हणजे काकांच्या लग्नाची तारीख, पाच डिसेंबर. कुलूप लावताना त्यांनी ती आपल्या पद्धतीनं घातली, आधी दिवस मग महिना. माणसाला कळवताना मात्र अमेरिकेत आहोत याचं भान राखून आधी महिना सांगितला. तो बिचारा 1205, 1205 करत राहिला. काकू खिडकीतून म्हणाल्या, “तीस वर्षांत तारीख लक्षात राहिली, हेच खूप.” तेवढ्यात स्प्रिंकलर सुरू झाला. डेक धुणाऱ्याच्या लक्षात टायमर राहिला नव्हता. मोदकला कोंडायचंही राहिलंच होतं. तो पाहुण्याच्या स्वागताला धावला आणि राखीव कोपऱ्यात एक ताजी भर घालून आला.

माणूस शांत होता. लांब दांड्याचं सुपलं आणि छोटा पंजा घेऊन, शेतात तास धरावे तशा सरळ रेषा धरत त्यानं अंगण दोनदा पालथं घातलं आणि काकांच्या नजरेतून सुटलेलं आणखी दीड पिशवी काढलं. काका मागे मागे, “तिकडे मी बघितलंय” असं म्हणत. चहा आणला, तो त्यानं हसून नाकारला. हातात मोजे होते. निघताना त्यानं बुटांवर आणि सुपल्यावर औषध फवारलं. कुत्र्यांच्या पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, तो एका अंगणातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. बाकी काही असो, हे काकांना एकदम पटलं. त्यांच्या आजीनं याला सोवळं म्हटलं असतं आणि फवाऱ्याऐवजी तांब्या दिला असता.

मोदक मोकळा सुटू नये म्हणून ही मंडळी जाताना बंद फाटकाचा फोटो पाठवतात. रात्री जेवणं झाल्यावर काकांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. कडी लागलेली, हिरवळ स्वच्छ, कुंड्या ओळीत. बोटं आणखी फाकवली.

“अगं, इथं एक राहिलंय.”

“पुढच्या मंगळवारी उचलेल की.”

“आणि तोपर्यंत?”

काका टॉर्च घेऊन अंगणात उतरले. वाफ्याच्या कडेला गळून पडलेलं, सुरकुतलेलं काळं वांगं होतं ते. त्यांनी ते पिशवीतूनच उचललं, वास घेऊन खात्री केली आणि दोन गाठी मारून कचऱ्याच्या डब्यात टाकलं.