दोन थेंबांचे मामा

आमच्या बापूमामांसमोर चेहरा घेऊन जायची सोय उरलेली नाही. पूर्वी दारात कुणी आलं की ते विचारायचे, "गाडी वेळेवर होती का?" हल्ली आधी हनुवटी धरतात, तोंड खिडकीकडे वळवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "हं. नाक तेलकट, गाल कोरडे, आणि इथं हे काय? सनस्क्रीन लावत नाहीस ना?" त्यानंतर पाणी मिळतं.

मामा सोलापूरचे, लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त झालेले. एका कार्यालयात फिनेलच्या बाटल्या खरेदीच्या तारखेआधीच वापरून संपल्याचं त्यांनी पकडलं होतं. ही हकिकत आम्ही दर दिवाळीला ऐकतो आणि दर दिवाळीला बाटल्या वाढतात. निवृत्तीनंतर तपासायला दप्तर उरलं नाही, म्हणून त्यांनी नातेवाइकांची तब्येत तपासायला घेतली. एक वर्ष दुधी भोपळ्याच्या रसाचं गेलं. मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी आलं. मग गच्चीवर गव्हांकुरांचे ट्रे आले आणि पापड वाळत घालायला जागा राहिली नाही. प्रत्येक उपाय हा शेवटचा आणि सर्व रोगांवर. आम्ही मान डोलवायला शिकलो, रस कुंडीत ओतायला शिकलो. घरातल्या तुळशीने आजवर जेवढा दुधी प्यायलाय तेवढा कुणा माणसाने प्यायला नसेल.

बी-तीन घरात आलं ते सुनेच्या बॅगेतून. ती पुण्याहून सणाला आली आणि बेसिनवर एक काचेची बाटली ठेवून आंघोळीला गेली. परत येते तो मामा भिंग घेऊन लेबल वाचतायत.

"बाबा, ते माझं आहे."

"तुझंच आहे गं. मी फक्त तपासतोय."

तीस मिलीलिटरला पाचशेच्या वर रुपये, हा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप सापडेना, आणि मामांचं आयुष्य तिथं बदललं. त्यांना लेबलची यादी आवडली. ज्याचं प्रमाण जास्त त्याचं नाव आधी, एक टक्क्याच्या खालची मंडळी शेवटी कशीही बसली तरी चालतात. त्या यादीत पाण्याच्या लगेच खाली नाव होतं नायसिनामाइड, म्हणजे ब जीवनसत्त्वातला तिसरा. "हे बघ," मामा सुनेला म्हणाले, "मालकाचं नाव वर आहे. नाहीतर तुमची ती कोरफडीची क्रीम. डब्यावर कोरफडीचं एवढं मोठं चित्र, आणि यादीत कोरफड कुठं? सुगंधाच्याही खाली!"

सुनेने त्या दिवशी बाटली तिथंच सोडली. तिला दुसरा मार्ग नव्हता.

आता मामांना कुणी विचारो न विचारो, ते समजावून सांगतात. खरं सांगायचं तर बरं समजावतात. पहिली ताकीद गोरेपणाची. "गोरं करायचं औषध नाही हे. ज्याचा जो रंग तो त्याचाच राहणार. डाग फिके होतात, एवढंच." मग रंगाची गोष्ट: कातडीत रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि ते आपल्याकडे घेणाऱ्या पेशी वेगळ्या. बी-तीन कारखान्याला कुलूप लावत नाही, मधल्या रस्त्यावर जकात नाका बसवतं, माल पुढे कमी जातो. नाका उठवला की वाहतूक पुन्हा सुरू, म्हणून लावायचं थांबवलं की डाग हळूहळू परत येतात. शिवाय कातडीच्या वरच्या थरातली सिरॅमाइड नावाची स्निग्ध द्रव्यं वाढतात, त्यामुळे आतलं पाणी उडून जायचं कमी होतं. सोलापूरच्या मे महिन्यात हा मुद्दा कुणालाही पटतो. "आणि क जीवनसत्त्वासारखं नखरेल नाही. त्याला उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, चार दिवसांत पिवळं. हे आपलं बेसिनवर ठेवलं तरी टिकतं." शेवटचं वाक्य सुनेकडे बघून.

एवढ्यावर थांबले असते तर ते मामा नव्हेत. त्यांनी या जीवनसत्त्वाचं जुनं दप्तरही उघडलं. हे कमी पडलं की पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, सोलते, गळ्याभोवती पट्टा उमटतो. अठराव्या शतकात कासाल नावाच्या स्पॅनिश डॉक्टरने त्याचं वर्णन केलं, म्हणून त्या पट्ट्याला अजून 'कासालचा हार' म्हणतात. अमेरिकेत मक्यावर जगणारी गरीब माणसं या रोगाने मेली. १९३७ साली तिथल्या एल्वेजेम यांनी याच आजाराने काळी जीभ झालेले कुत्रे निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिनने, बरे केले, तेव्हा कुठं नेमकं काय कमी पडतंय ते कळलं. इथवर मामा खुशीत होते. पुढच्या पानावर मात्र दख्खन निघाली. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच रोग जवळपास नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्ये पाहिला होता, आणि ज्वारीतल्या ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लावर संशय घेतला होता.

ज्वारीवर संशय! सोलापुरात! मामा त्या दिवशी ताटासमोर बसले आणि कडक भाकरीकडे बघत राहिले. मामी म्हणाल्या, "काय झालं? करपली का?"

"नाही. हिच्यावर आक्षेप आहे."

दोन दिवस घरात ताण होता. मग मामांनीच तोड काढली. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. म्हणजे भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाणाऱ्या पूर्वजांनी हिशोब आधीच जुळवून ठेवला होता. प्रकरण निकाली निघालं, चटणीचा खप दुप्पट झाला. सुनेने भाबडेपणाने विचारलं, "मग बाबा, चटणीच खाल्ली तर? बाटली कशाला?" तेव्हा मामांनी तिला कारकुनाकडे बघावं तसं बघितलं. "पोटात कमी पडलेलं भरून काढणं हे एक खातं. वरून लावून डागाला पोचवणं हे दुसरं. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात दाखवायची नसते."

त्यांचा खरा पराक्रम म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग. मेक्सिकोतला २०११ चा एक अभ्यास त्यांच्या हाती लागला. वांग असलेल्या २७ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला ४ टक्के नायसिनामाइड, दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन हे डागांवरचं नेहमीचं औषध, असं आठ आठवडे. चांगला फरक पहिल्या बाजूला ४४ टक्के जणांत, दुसऱ्या बाजूला ५५ टक्के जणांत. "पण जळजळीच्या तक्रारी कुणाच्या कमी? आपल्या!" मामा नायसिनामाइडला आता 'आपलं' म्हणतात. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या गालाला बी-तीन लावायला सुरुवात केली. उजवा गाल कोरा. रोज सकाळी आठ वाजता त्याच खिडकीत, शेजारी पांढरा कागद धरून फोटो. कागद का, तर उजेडाचा रंग कळावा म्हणून.

मग साक्षीदार आले. दूधवाल्याला थांबवून, "डावा की उजवा?" कटिंगवाल्याला वस्तरा खाली ठेवायला लावून, "डावा की उजवा?" सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला येणाऱ्या त्यांच्या एका मित्राला कमी ऐकू येतं. मामांनी तिसऱ्यांदा "नायसिनामाइड, नायसिनामाइड" म्हटल्यावर ते गृहस्थ आनंदाने म्हणाले, "सीनामाईला पाणी आलं? केव्हा?" आणि पुढचा अर्धा तास नदी, धरण आणि सरकार यात गेला. त्या दिवशीची साक्ष मामांनी बाद धरली.

दोन महिन्यांनी निकालासाठी घरच्यांना बसवलं. मामी म्हणाल्या, "मला दोन्ही गाल म्हातारेच दिसतात." पण टॉर्चच्या उजेडात बघितलं तर डाव्या गालावरचे उन्हाचे तपकिरी ठिपके खरंच फिके झाले होते. थोडेच, पण झाले होते. खोलीत विचित्र शांतता पसरली. मामांचं बरोबर ठरण्याची आम्हाला सवय नाही. दुधी भोपळा पचवायला सोपा होता. तिथं निदान कुंडी होती.

मामींच्या दोन्ही गालांवर वांग आहे, मुलांच्या जन्मापासूनचा. मामांनी तो आत्ता पाहिला. "तीस वर्षं दिसला नाही," मामी म्हणाल्या, "आता भिंग लावून बघतायत." तरी रोज रात्री भांडी आवरली की त्या खुर्चीत बसतात. मामा बाटलीच्या नळीतून दोन थेंब तळव्यावर घेतात, सांडू नये म्हणून जीभ दातांत धरतात आणि बोटाच्या टोकाने गालाला लावतात, चोळत नाहीत, नुसतं टेकवतात. "हात धुतलेत ना? मघाशी लसूण सोलत होतात," हे मामी रोज विचारतात. "चुरचुरतंय हो," हेही. "लागू पडतंय," हे मामांचं उत्तर. उन्हाळ्यात मामी पापड घालायला गच्चीवर गेल्या तर मामा मागून छत्री धरून उभे. सनस्क्रीनशिवाय सिरम म्हणजे मंजुरीशिवाय खर्च, असं ते म्हणतात. पापडांवर छत्रीची सावली पडते म्हणून मामी ओरडतात.

यंदा माझ्या मावसभावाचं लग्न होतं. मामांनी आठवडाभर आधी सगळ्यांना बजावलं होतं की लग्नाच्या तोंडावर चेहऱ्याला नवीन काही लावू नका, लावायचंच तर आधी कानामागे लावून दोन दिवस वाट बघा. हळदीवरही त्यांनी शेरा मारायचा प्रयत्न केला, पण तिथं आत्या होत्या. मग ते नवरीच्या खोलीकडे वळले. तिथं पार्लरची मुलगी गोल दिवा लावून बसली होती. मामांनी तिचे डबे उचलून मागच्या याद्या वाचायला सुरुवात केली. ती काही बोलली नाही. हातातला ब्रश पुसत तिने विचारलं, "काका, तुम्ही किती टक्के वापरता?"

"दहा," मामा छाती काढून म्हणाले. "पाचाचंही मिळतं, पण दहा असताना पाच कोण घेतो?"

"पाचावर या. फायदा दोन ते पाचातच दिसतो. दहाने काहींना चुरचुरतं, लाल होतं. काकूंना होतं का?"

मामांनी आयुष्यात कुठल्या वरिष्ठाचं ऐकलेलं नाही. ते म्हणाले, "याला आधार काय?"

"रोज चेहरे बघते, काका."

पहिलं मंगलाष्टक सुरू झालं तेव्हा मामा मंडपात नव्हते. ते खोलीबाहेर खुर्चीवर बसून डायरीत लिहून घेत होते आणि मधूनमधून दाराच्या फटीतून शंका विचारत होते. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. त्या पार्लरवालीच्या डब्यांवर पडल्या.

रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश आला. वर तारीख, त्याखाली विषय: शुद्धिपत्रक. 'यापूर्वीच्या सर्व सूचनांमध्ये १० टक्के असे जेथे आले असेल तेथे ५ टक्के असे वाचावे. चुरचुरणे म्हणजे लागू पडणे नव्हे. ज्यांना त्रास झाला त्यांनी कळवावे.' पहिला अंगठा मामींचा पडला. दुसरा संदेशही त्यांचाच होता: 'कळवते. आणि उद्या दळण आणायला विसरू नका.'