आधी खोली दाखवा

सहलीला निघालेल्या कुठल्याही मराठी घोळक्यात एक गाणी म्हणणारा असतो, एकाला बस लागते, एकाचा चष्मा कुठेतरी राहतो आणि एकजण हॉटेल ठरवतो. पहिले तिघे बदलले तरी सहल होते. चौथ्याला हलवता येत नाही, कारण हे काम त्याच्यावर कोणी सोपवलेलंच नसतं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ही गादी भाऊंची. भाऊ एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला; ऑडिट चालू आहे. 2025 च्या गणपतीत आरती आटोपल्यावर कोणीतरी सहज अंदमानचं नाव काढलं. आम्ही खिरापत तोंडात टाकत "हो, जाऊ या की" म्हणालो. भाऊंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "विमानाचं भाडं आपल्या हातात नाही, बोटीचं नाही," ते म्हणाले. "हातात आहे ते हॉटेल." वहिनींनी सुस्कारा सोडला. पुढचं त्यांना पाठ होतं.

'हॉटेलात काय, फक्त झोपायला तर जायचं' हे भाऊंचं ब्रीद आहे, आणि त्या झोपेपायी ते दसऱ्यापर्यंत रात्री एकच्या आत झोपले नाहीत. त्यांनी एक दोनशेपानी वही घातली. डावीकडच्या पानावर हॉटेलचं नाव आणि भाव, उजवीकडच्या पानावर 'शंका'. डावं पान चार ओळींत संपायचं.

फोटो बघण्याची त्यांची रीत शिकून घेण्यासारखी आहे. आपण पलंग बघतो, भाऊ फरशी बघतात. लादी दोन बाय दोनची धरायची आणि पलंगापासून भिंतीपर्यंत किती लाद्या येतात ते मोजायचं, की कॅमेऱ्याच्या भिंगाने कितीही लांबवलेली खोली पुन्हा मापात येते. "ही दीड लादी आहे. बॅग उघडली की माणसाने पलंगावर चढायचं." पडदा ओढलेला असला की खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. आणि पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असला की भाऊ त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बाथरूमचा फोटो शोधतात. तो नसतोच. "जिथं हंस आहे तिथं संडास दाखवत नाहीत," हा त्यांचा सिद्धांत मी नंतर एका हॉटेलात पडताळून पाहिला. हंस सुंदर होता.

लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचायची तर त्यांची पद्धत निव्वळ ऑडिटची. पाच तारे देणारा मालकाचा मेव्हणा. एक तारा देणारा समोरच्या हॉटेलचा मालक. खरं बोलतो तो तीन तारेवाला, कारण तो स्वतःच्या पैशाने राहिलेला असतो आणि त्याला कोणाशी वैर करायला वेळ नसतो. त्यातही 'स्टाफ खूप प्रेमळ आहे' असं कोणी लिहिलं की भाऊ शंकेच्या पानावर लिहितात : पाणी नाही. "ज्याला बादलीभर पाणी मिळालं तो प्रेमाबद्दल कशाला लिहील?" पोर्ट ब्लेअरला उन्हाळ्यात पाण्याची खरोखरच ओढाताण असते, त्यामुळे ही शंका अगदीच हवेतली म्हणता येणार नाही.

मग फोन. पूर्वी अंदमानचं इंटरनेट उपग्रहावरून रडतखडत चालायचं. 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल सुरू झाली, आणि भाऊंच्या प्रश्नांपासून तिथल्या मॅनेजरांना जे एक नैसर्गिक संरक्षण होतं तेही गेलं.

"भैया, ॲप पे बाईससौ दिखाता है. उसमें ॲप का कमिशन कितना?"

"दादा, वो तो..."

"वो हमको दो ना. ॲप को कायको देते हो? वो थोडी आके रहनेवाला है!"

कमिशन उतरलं की जीएसटी. 2022 च्या जुलैत हजाराच्या आतल्या खोलीची करमाफी गेली, त्याचं सुतक भाऊंनी मनापासून पाळलं होतं. आमच्या तयारीच्या ऐन भरात, सप्टेंबरमध्ये, साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दुसऱ्याच दिवशी भाऊंनी वहीतल्या सगळ्या हॉटेलांना पुन्हा फोन फिरवले. "वो सात परसेंट किधर गया?" एवढाच प्रश्न.

'सी-व्ह्यू' या शब्दावर तर त्यांनी एका मॅनेजरची उलटतपासणीच घेतली. समुद्र पलंगावर बसून दिसतो की गॅलरीत उभं राहून? उभं राहून दिसत असेल तर किती उंचीच्या माणसाला? "हमारे मिसेस पाच फूट के हैं." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या बिचाऱ्याने कबूल केलं की गच्चीवरून सगळ्यांना दिसतो. भाऊंनी सी-व्ह्यूचे पाचशे कापले आणि गच्चीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून घेतलं.

जागांची नावं बदलल्याचाही भाऊंनी फायदा काढला. 2018 च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिथला रिक्षावाला अजून जुनीच नावं घेतो. भाऊ मात्र प्रत्येक हॉटेल दोन्ही नावांनी शोधायचे. नवीन नावाखाली भाव पडतो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि एका ठिकाणी खरंच ऐंशी रुपये पडला, तेव्हापासून त्या श्रद्धेला कोणी हात लावत नाही.

हे सगळं वाचून भाऊ चिक्कू वाटतील. तसं नाही. जेट्टीवर शहाळी त्यांनीच पाजली आम्हा सगळ्यांना, भाव न करता. पैसा वाचवणं हा मुद्दाच नसतो. आपल्याला कोणी बनवलं नाही, एवढं त्यांना कळलं पाहिजे. आणि आमचंही साधंच आहे : हॉटेल चांगलं निघालं तर आपलं नशीब, वाईट निघालं तर भाऊ. इतकी सोय कुठल्या ट्रॅव्हल कंपनीत मिळते?

पोर्ट ब्लेअरला त्यांनी एबरडीन बाजारातलं हॉटेल धरलं. विचार चोख होता. बाजार सेल्युलर जेलजवळ, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम संपला की पायी परत यायचं, रिक्षाचे पैसे वाचले. नकाशावर अंतर सातशे मीटर. नकाशा खोटं बोलला नाही, फक्त हे गाव टेकड्यांवर वसलंय एवढं त्याने सांगितलं नाही. जाताना उतार होता तेव्हा सगळ्यांनी भाऊंचं कौतुक केलं.

खोली मात्र आधी दाखवावी लागली. पैसे देण्याआधी खोली बघणं हा भाऊंचा विधी आहे आणि तो सोवळ्यातल्या पूजेसारखा ठरलेल्या क्रमाने चालतो. प्रथम नळ. मग फ्लश, दोनदा. पहिला सगळेच घेतात, टाकी किती वेळात भरते ते दुसऱ्याने कळतं. मग गादीचा कोपरा उचलून खालची फळी बघायची. उशी नाकाला लावायची. दाराची कडी आतून लावून वहिनींना बाहेरून ढकलायला सांगायचं. शेवटी सोलापुरी चादर पिशवीतून काढून पलंगावर अंथरली की खोली पास. अंदमानच्या उकाड्यात सोलापुरी चादर कशाला, असं विचारलंत तर तुम्ही हॉटेलच्या चादरीकडे नीट बघितलेलं नाही.

आमची खोली नॉन-एसी होती. म्हणजे भिंतीवर एसी होता. रिमोट काउंटरच्या खणात होता. चारशे रुपये दिले की रिमोट मिळायचा आणि खोली एसी व्हायची. भाऊंनी मॅनेजरसमोर फोन धरला. त्यात रिमोटचं काम करणारं ॲप होतं. "हम करेंगे नहीं," भाऊ म्हणाले, "लेकिन कर सकते हैं." चारशेचे दोनशे झाले. न केलेल्या चोरीबद्दल सवलत मिळवणारा दुसरा माणूस माझ्या बघण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी जेल. सात पाखांपैकी तीन उरल्या आहेत. एका पाखीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी बांधणी, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. आत जाऊन भाऊ उभे राहिले. सवयीने नजर फरशीवर गेली, तिथून वर, मागच्या भिंतीत उंचावर असलेल्या झरोक्याकडे. आम्ही वाट बघत होतो. भाऊ काही बोलले नाहीत, चप्पल हातात घेऊनच बाहेर आले. त्या रात्री पंखा आवाज करत होता, तर त्याबद्दलही त्यांनी काउंटरला फोन केला नाही. सकाळी केला.

हॅवलॉकला भाऊंची खरी परीक्षा झाली. तिथले किनारे नंबराने ओळखतात : तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची ही गावं, गोविंदनगर, विजयनगर, राधानगर. सात नंबर म्हणजे राधानगर, ज्याला 'टाइम'ने 2004 मध्ये आशियातला उत्तम किनारा म्हटलं. तेव्हापासून तिथल्या खोल्यांनाही ते ऐकू आलंय. भाऊंनी पाच नंबर निवडला. बांबूची झोपडी, दारापुढे माड, माडापुढे समुद्र, आणि भाव राधानगरच्या निम्म्याहून कमी. एवढं स्वस्त का, ही शंका उजव्या पानावर होती. उत्तर मिळालं नव्हतं.

उत्तर दुपारी दिसलं. ओहोटीला तिथला समुद्र लांबवर आत निघून जातो आणि वाळूपुढे मेलेल्या पोवळ्यांचे खडक उघडे पडतात. पाय ठेवायची सोय नाही. भाऊ डगमगले नाहीत. आजोळ मुरुडचं. "तिथी काय आज? पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती!" तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हा हिशेब कोकणातल्या पोरालाही येतो. आम्ही सगळे टॉवेल खांद्यावर टाकून ओळीने बसलो. पावणेचार झाले. पाणी येत नव्हतं. होतं तेच आणखी मागे सरकत होतं. कोकणचा हिशेब कोकणच्या किनाऱ्याचा, हे या समुद्राला माहीत होतं. त्याची भरती आम्ही जेवून डुलक्या काढत होतो तेव्हाच येऊन गेली होती. झोपडीवाला तेवढ्यात खेकडे धुता धुता म्हणाला, "आप पूछते तो बता देता." भाऊंनी दसऱ्याच्या आधीपासून त्याला काय काय विचारलं होतं ते आठवून वहिनी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

आणि पाच वाजता अंधार. नोव्हेंबरअखेर तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, कारण घड्याळ आपलं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. साडेपाचच्या चहाला आम्ही टॉर्च घेऊन गेलो. दिवस तासभर लवकर संपतो तर भाड्यात काही, असं भाऊ पुटपुटले, पण त्यांचं त्यांनाच हसू आलं.

निघायच्या दिवशी चेक-आउट सकाळी 8 ला होतं. आमची बोट साडेअकराची. 12 ला खोली द्यायची आणि 8 ला काढून घ्यायची, म्हणजे वीस तासांची खोली आणि चोवीस तासांचे पैसे; भाऊंचं ऑडिट जागं झालं. झोपडीवाला ऐकेना. तो फोन पुढे करून एवढंच म्हणाला, "दादा, फाइव स्टार दे दीजिए ना."

भाऊंनी चष्मा नाकावर घेतला.

"तीन देता हूँ. खरे तीन."

"तीन से क्या होगा, दादा? पाँच."

"साडेदस तक कमरा रखो, चार."

"साडेआठ."

"साडेआठ को साडेतीन."

"साडेतीन होता नहीं उसमें."

"मग दस."

सौदा नऊवर आणि चार ताऱ्यांवर तुटला. वर नाश्ता बांधून मिळाला : ब्रेड, केळी आणि माणशी एक उकडलेलं अंडं. भाऊंनी तिथेच उभ्या उभ्या चार तारे दाबले, खाली मजकुरात 'स्टाफ खूप प्रेमळ आहे' असं लिहिलं आणि फोन खिशात टाकला. वहिनींनी विचारलं, "आणि भरती-ओहोटीचं?"

"ते नाही लिहिलं," भाऊ म्हणाले. "उगाच गर्दी कमी व्हायची त्याची."